आमच्या गाळ्यांवर चढवलेलं धुकं

चित्रकाराने मला फसवलं. मी त्याला माझ्या कारखान्याचं छप्पर दिलं, त्याने बदल्यात आमच्या गाळ्यांची ओळ चित्रात आणायची होती. त्याने ती आणली नाही.

दुबईत रास अल खोरला सुतारांची, वेल्डरांची, रंगाऱ्यांची ती ओळ होती. रत्नागिरीहून रिकाम्या हाताने आलो आणि तिथेच रंधा मारत मालक झालो. जागा मोकळी करायची नोटीस आली, त्याच हिवाळ्यात हा फ्रेमा करून घ्यायला आला. मराठीच. छपरावर चढला, पलीकडचं पाणी आणि गुलाबी पक्षी बघून म्हणाला, "शेठ, इथं बसून रंगवू द्या. जुने फ्रेंच चित्रकार करायचे तसं, उघड्यावर, जसं दिसतं तसं. भाडं सांगा."

"भाडं नको. ही ओळ पाहिजे चित्रात. पत्रे, माणसं, सगळं."

"अहो, मग फोटो काढा की!"

"भिंतीवरचा फोटो बघायला कोण येतं? यल्ला, चल बोल, हो की नाही?"

"हो, शेठ."

हातात हात दिला, काळा चहा झाला. आमच्यात एकदा हात दिला की काम पुरं होईपर्यंत माल उघडून बघत नाहीत. समोरच्याचा अपमान होतो. म्हणून पूर्ण हिवाळा मी त्याच्या कॅनव्हासकडे वळून पाहिलं नाही.

ओळ पाडली. जागा ज्या कंपनीकडे गेली तिच्याच लॉबीत ते चित्र लागलं. मुलीला घेऊन गेलो. ती इथे कलेचा इतिहास शिकते. चित्रात पाणी होतं, पक्षी होते, ऊन होतं. आमच्या जागी जांभळं धुकं.

मी ओरडलो तसा गार्ड आला. मुलीने मला बाहेर ओढलं. "अब्बा, प्लीज! ते जुने फ्रेंच चित्रकार, दे ऑल्सो डिड दिस."

मग तिने सांगितलं. दीडशे वर्षांपूर्वी फ्रान्स युद्ध हरला. नंतर त्यांच्याच फौजेने पॅरिसच्या रस्त्यांत आपलीच माणसं गोळ्या घालून मारली, शहर जळलं. आणि थोड्याच काळात चित्रांत नदी, शिडाच्या होड्या, कोवळं ऊन. मोडलेला पूल नवा होऊन उभा, कारखान्याचा धूर ढगासारखा हलका.

"घ्यायचं कोण ही चित्रं?"

"बँकर्स, व्यापारी. पीपल हू वॉन्टेड टु फरगेट." मग हळू म्हणाली, "सगळे खोटे नव्हते, अब्बा. काहींना खरंच ऊन हवं होतं."

असेल. ज्याने जळलेलं शहर सोसलं त्याने ऊन रंगवावं, माझं भांडण नाही. पण आमच्या या चित्रकाराचं काय जळलं होतं? खाली माणसं आपली यंत्रं उचलून नेत होती, त्यांच्या डोक्यावर बसून हा पक्षी रंगवत होता.

ते धुकं तुला दिसलं, की घेणाऱ्याने सांगितलं म्हणून चढवलंस? मला हात दिला होतास. उत्तर दे.