तिसरी फळी

कोलशेतच्या कोळीवाड्यात मनुबाईचं नाव निघालं की बाया विषय बदलायच्या. का, तर म्हणे ती जे रंगवते ते खरं होतं! घ्या आता. दोष द्यायला माणसाला कुणीतरी लागतंच.

तिची आई भागीरथी. जत्रेत तिच्या अंगात गावदेवी यायची आणि ती भाकणूक सांगायची. शेवटच्या जत्रेत तिनं तीन गोष्टी सांगितल्या. खाडीच्या मासळीला औषधाचा वास येईल. घरावर घर चढेल. आणि कोळीवाड्यात एकच चूल पेटेल. लोकांनी नारळ फोडले, प्रसाद खाल्ला आणि विसरून गेले.

मनुबाई विसरली नाही. नवरा गोमाजी वारल्यावर त्याची होडी मोडीत निघाली, तेव्हा तिनं तीन फळ्या मागून घेतल्या आणि होडीच्याच उरलेल्या रंगानं, डांबरानं आईचे बोल काढायला बसली. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण हातात कला होती. पहिल्या फळीवर उताणे मासे काढले, प्रत्येकाच्या तोंडात औषधाची बाटली. ते साल ब्याऐंशी. पुढच्याच वर्षी कुठल्याशा औषधाच्या कारखान्याचं पाणी उतरलं आणि खाडीत मासळी मरून तरंगली. दुसऱ्या फळीवर एकमेकांच्या खांद्यावर चढलेली घरं काढली, आणि दोन वर्षांत माजिवड्याकडे सात-सात मजले उभे राहिले.

झालं! जनाबाई तिची लहानपणापासूनची मैत्रीण, बाजारात पाटीला पाटी लावून बसणारी. तीच नळावर सगळ्यांदेखत ओरडली, "मने, तुझा हातच काळा हाय! तू काढतेस नि आमच्यावर येतंय. तिसरी काढलीस तर बघ!"

त्या दिवसापासून मनुबाईला कुणी लग्नाकार्याला बोलावलं नाही, बाजारात कुणी शेजारी बसलं नाही. आणि वाईट काय, तर हळूहळू तिलाही ते पटलं. तिसरी फळी तिनं भिंतीकडे तोंड करून ठेवली. हात शिवशिवायचे, मग ती ते पदरात गुंडाळून बसायची. मी नाही काढलं तर गाव राहील, एवढीच तिची आशा. अकरा वर्षं ती मांजराशी बोलत जेवली. एकेक घर जागा विकून निघून गेलं. जनाबाईही मुलाबरोबर कळव्याला गेली, जाताना ओट्यावर पायसुद्धा ठेवला नाही तिनं. किती गेले, किती उरले, हे मोजायची मनुबाईची छाती झाली नाही.

पंचाण्णव साली ठाण्याचे एक चित्रकलेचे मास्तर, श्रीपाद, खाडीची चित्रं काढायला आले. ओट्यावरच्या दोन फळ्या बघून थबकले. "आजी, ठाण्यात प्रदर्शन भरवतोय. या द्याल? आणि ती तिसरी, भिंतीकडे तोंड केलेली?"

"ती नाय काढायची. काढली तर एकच चूल राहील."

मास्तरांनी बाहेर नजर टाकली आणि साधेपणानं विचारलं, "पण आजी, इथे आता दुसरं राहतं कोण?"

मनुबाई बाहेर आली. दारोदार कुलूप. एकाही कौलातून धूर नव्हता. ती एकदम हसायला लागली आणि हसता हसता रडली. फळी तर कोरीच होती! म्हणजे दोष तिच्या हाताचा नव्हताच.

दुसऱ्याच दिवशी ती कोरी फळी काखेत मारून कळव्याला गेली. जनाबाईनं दार उघडलं, खुर्ची दिली, चहा केला. टीव्ही चालू होता.

"जने, बघ, कोरी हाय. मी काढलं नाय, तरी झालं. आता तरी बोल, माझा हात काळा नव्हता."

"कसला हात?" जनाबाई तिच्याकडे बघतच राहिली. "मी कवा बोलली असं? मना तर काय आठवत नाय गं. चहा घे, गार होतोय."

मनुबाईनं चहा घेतला. नातवंडांची चौकशी केली आणि निघाली.

घरी येऊन तिनं चूल पेटवली, डांबराचा डबा उघडला आणि फळी मांडीवर घेतली. आता तिच्या हातानं कुणाचंच काही बिघडणार नव्हतं.