सवाष्णींनी न पाहिलेला पाट

माझ्या पत्नीच्या मुलाने आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीत सांगून ठेवले आहे की मी तिच्या कुटुंब निवृत्तिवेतनासाठी भांडतो. हे साफ खोटे आहे. माझे स्वतःचे निवृत्तिवेतन मला पुरून उरते. माझे भांडण तिच्या मृत्यूच्या दाखल्याशी आहे. त्यावर पती म्हणून त्याने तिच्या पहिल्या, तरुणपणीच वारलेल्या नवऱ्याचे नाव घातले आहे.

ती विधवा असताना सटाण्याला, माझ्या थोरल्या भावाच्या घरी, आमचा पाट लागला; विधवेच्या दुसऱ्या लग्नाला आमच्यात पाटच म्हणत. मुलाने आपल्या बापाचेच नाव लावावे आणि मला काका म्हणावे, हा आग्रह माझा होता. त्याचा मला आजही अभिमान आहे. मेलेल्या माणसाचे नाव पुसून तिथे आपले लिहिण्यात कसला आला पुरुषार्थ? शाळेच्या नोकरीत तिचेही जुनेच नाव राहिले.

"काका, मी लिहून देतो ना, तुम्ही आईसोबत राहत होता म्हणून," मुलगा फोनवर म्हणाला.

"सोबत? सोबत तर भाडेकरूही राहतो."

मी फोन ठेवला. साक्षीदार हवा होता. पाटाला बसलेले सारे पुरुष आता गेले आहेत; उरल्या फक्त वहिनी. मी सटाणा गाठला.

"वहिनी, त्या दिवशी तुम्ही घरातच होता."

"व्हते ना भाऊजी. पण चुलीपाशी, पाठ फिरवून. सवाष्णीनं पाट पाहू नाय. तुमच्या दादांनीच बाहेरून कडी लावली व्हती."

"आवाज तरी ऐकला असेल?"

"आवाजावर शपथ घेऊ? आता लावा पाट, टक लावून बघते. आता मला कोण अडवतं?" त्या हसल्या आणि त्यांनी मोकळ्या कपाळावरून हात फिरवला.

पुतणे म्हणतात, त्या मुलाने वहिनींना फितवले. तेही खोटे. न पाहिलेले त्या पाहिले म्हणणार नाहीत, एवढेच.

दुरुस्तीचा अर्ज मी एकट्याच्या सहीने दिला. खिडकीतल्या मुलीने विचारले, "आजोबा, मयताशी नातं?"

"पती."

तिने जुना दाखला पाहिला आणि लिहिले : पती, अर्जदाराच्या सांगण्यानुसार.

"शेवटचे शब्द खोडा," मी म्हणालो.

"मग कोणाच्या सांगण्यानुसार लिहू?" तिने सरळपणे विचारले.

मागे रांग होती. मी बाजूला झालो.