सुखाची चौकशी

आमच्या साहेबांनी पुण्यात तत्त्वज्ञान केलं होतं आणि विलायतेला जाऊन मानसशास्त्र. अमरावतीच्या कॉलेजात ते तर्कशास्त्र शिकवायचे, पण जीव अडकला होता तो माणूस सुखी कशाने होतो या संशोधनात. नागपूरहून एम.ए. होऊन मी त्यांचा मदतनीस झालो. कॉलेजात एक जागा निघणार होती, ती मला द्यायचं त्यांनी कबूल केलं होतं. अकोल्याबाहेर भाजीचा मळा करणाऱ्या माझ्या आईने मला शिकवलं ते अशाच एखाद्या जागेसाठी.

साहेबांना वऱ्हाडी धड कळत नसे. म्हणून त्यांनी मला आमच्याच माळ्यांकडे प्रश्न विचारायला धाडलं. वांगी लगडलेली, बैलबंडी बाजारासाठी भरलेली, आणि मी विचारतोय, "काका, सुखी हा का तुमी?"

"कायचं सुख बाप्पा! कसंतरी चालून राह्यलं."

सगळीकडे हेच. आमच्यात चांगलं चाललेलं कोणी तोंडाने बोलतच नाही, बोललं की दृष्ट लागते. मला बी.ए.ला पहिला वर्ग मिळाला तेव्हा आईनेही शेजारणीला सांगितलं होतं, "काही खरं नाई बाई त्याचं." आणि आत येऊन मीठ-मोहऱ्यांनी माझी दृष्ट काढली होती.

साहेबांना हे मी परोपरीने सांगितलं. ते हसले. "तू त्यांच्यातला, तुला तटस्थ राहता येणार नाही." मग त्यांच्या निबंधात छापून आलं, की या लोकांना समाधान म्हणजे काय ते ठाऊकच नाही. इतका शिकलेला मठ्ठपणा मी पुन्हा कुठे पाहिला नाही. सगळ्या प्राध्यापकांसमोर मी म्हणालो, हे खोटं आहे.

जागा पुण्याहून आलेल्या त्यांच्या एका विद्यार्थ्याला मिळाली. साहेबांचा सत्कार झाला. हार आमच्याकडच्याच शेवंतीचे होते.

बडनेऱ्याला गाडी धरून मी ट्रंकेसह घरी आलो. आईला सगळं सांगितलं. ती मेथीच्या जुड्या बांधत होती. तेवढ्यात शेजारीण कुंपणाशी आली.

"काहून व, पोरगा ट्रंक घेऊन आला? कसं हाये त्याचं?"

"चांगलं हाये," आई म्हणाली. "लय चांगलं हाये त्याचं."

मग ती पुन्हा जुड्या बांधायला लागली. दृष्ट काढायला काही उठली नाही.