शंखाची लाट
नाद अविनाशी असतो, असं ब्रह्माघाटावर सगळेच सांगतात. कापूर पेटला की मला तिथल्या गणेशोत्सवाची एक संध्याकाळ आठवते. आरती सांगणाऱ्या काकांच्या शंखनादातून सुरुवातीची, मधली, शेवटची अशी आवाजाची एकेक लाट, म्हणजे क्षणाहूनही छोटा तुकडा, कापून मी लॅपटॉपमध्ये ओळीनं ठेवली होती. लॅपटॉपमधलं वाद्य एकच लाट पुन्हापुन्हा वाचतं. वेगानं वाचली की सूर चढतो, पुढच्या लाटेकडे सरकलं की आवाजाचा रंग पालटतो. आरतीच्या वेळी मी तेच वाजवायला घेतलं. "उष्टा नाद गणपतीला चालत नाही. बंद कर, बेटा," काका माइकवरून म्हणाले. "मग शंख रोज कोण उष्टा करतं, काका?" असं विचारून मी वाजवतच राहिले. काकांनी चिडून मेन स्विच पाडला. लॅपटॉप आणि त्याचा स्पीकर बॅटरीवर चालूच राहिले. माइक मात्र गेला, आणि मला आठवतं त्याप्रमाणे काकांची आरती पहिल्या रांगेपलीकडे कुणालाच ऐकू आली नाही.