बायको तुझी, फाइल तिची

कुणी काही मागितलं की आपा आधी चष्मा कपाळावर चढवायच्या आणि विचारायच्या, "ज्याचं आहे, त्याला विचारलंस?" अहो, साधा कुणाचा वाढदिवस विचारा, तरी हेच.

आपा मूळच्या राजापूरच्या. आमची अबुधाबीची कंपनी देशोदेशीच्या नर्सेसना इथल्या हॉस्पिटलांत नोकऱ्या लावून देते. आलेले कागद हॉस्पिटलांना पाठवायचं काम माझं; त्या नर्सेसची माहिती कुठून कुठे जाते, यावर आपांची नजर. ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडलं आणि त्यांचं काम दुप्पट झालं. डब्लिनच्या फायली आमच्याकडे लंडन ऑफिसमार्गे यायच्या. आता डब्लिनला लंडनही परकं झालेलं. नवे करार, नव्या परवानग्या. साहेब वैतागायचे, "यल्ला, जल्दी करो आपा, कल तक तो सब एक ही था." आपा शांतपणे म्हणायच्या, "भाई अलग हो गये, सर. अब दरवाजा खटखटाना पडेगा."

या भानगडीत नेमकी माझीच बायको अडकली. ती डब्लिनला नर्स. आमचा सगळा संसार व्हिडिओ कॉलवर. नुकताच सुट्टीत मी जाऊन आलो होतो, तेवढाच काय तो सहवास. इथे तिच्यासाठी जागा निघाली, पण गुरुवारपर्यंत कागद पोचले नाहीत तर ती जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. आणि फाइल आपांनी थांबवलेली.

"आपा, सोडा ना. माझ्याच बायकोची आहे."

"बायको तुझी. फाइल तिची."

मी असा भडकलो म्हणता! आपांनी दार लावून घेतलं, डब्लिनला थेट तिलाच फोन लावला आणि बराच वेळ बोलत बसल्या. बाहेर आल्या त्या हसतच. नोकरीचे कागद त्यांनी माझ्याकडे पाठवले, मेडिकल रिपोर्ट तेवढा परस्पर हॉस्पिटलच्या डॉक्टरांकडे. म्हणाल्या, "खलास. जा, घर आवरायला घे."

महिन्याभराने बायको आली. विमानतळावर सामानाची ट्रॉली सोडून तिने माझे दोन्ही हात धरले आणि सांगितलं, मी बाप होणार आहे. मी इतका वेडापिसा झालो, की शेजारच्या टॅक्सीवाल्या पठाणभाईंनाही मिठी मारली. गाडीत ती म्हणाली, "तो रिपोर्ट तुझ्या कॉम्प्युटरवर येणार होता. आपांनी विचारलं म्हणून बरं. मला हे सांगताना तुझा चेहरा बघायचा होता रे."

आपा आता निवृत्त होऊन राजापूरला गेल्यात. ऑफिसात त्यांच्याशिवाय करमत नाही. मला त्या आठवतात त्या बायको आली त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या, मी पेढे घेऊन गेलो तेव्हाच्या.

"कशाचे रे?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. महिनाभर स्वतःच पोटात ठेवलेली बातमी जणू पहिल्यांदाच ऐकून त्यांनी तोंडावर हात ठेवला, डोळे भरून आले. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "असं घाईत नाही. बस इथे. अगदी पहिल्यापासून सांग."