पाठ नसलेला कॅमेरा

मणक्याचं ऑपरेशन झाल्यावर बाबा माझ्या घरी, अमरावतीला राहायला आले. डॉक्टरांनी खड्ड्यांच्या रस्त्यानं प्रवास करायला सक्त मनाई केली. म्हणजे शेतात जायचीच मनाई केली, कारण चांदूर रेल्वेजवळच्या आमच्या संत्र्याच्या बागेत जाणारा दुसरा रस्ता नाही. बाबांना पाठीपेक्षा हे जास्त दुखलं.

बाग धाकटा भाऊ बघत होता. रोज संध्याकाळी तो बागेतून व्हिडिओ कॉल करायचा आणि रोज दोघांचं वाजायचं. "मांगं पाय, मांगं! ते डाव्या हाताचं झाड दाखव." भाऊ फोन वळवेपर्यंत भलतंच झाड समोर यायचं. "तू मले जे दाखवतं तेच मी पायतो," बाबा चिडायचे. "मले माह्या डोयानं पायाचं हाये!"

खरं दुखणं निराळं होतं. शेजारच्या एका बागायतदारानं आमची बाग पाच वर्षांसाठी ठेक्यानं मागितली होती. भावाला बाग झेपेल असं बाबांना वाटत नव्हतं. "त्याचं अर्धं ध्यान मोबाइलात असते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बाग ठेक्यानं गेली की भाऊ पुण्याला मित्राच्या गोदामात कामाला जाणार, हेही ठरल्यातच जमा होतं. भावानं बाग स्वतःसाठी कधी मागितली नाही. आमच्या घरातल्या पुरुषांची तोंडं भांडायलाच उघडतात, मागायला नाही.

अकोल्याच्या एका लग्नात मी चोहीकडचं एकदम टिपणारा कॅमेरा पाहिला होता. काठीच्या टोकाला मुठीएवढी डबी, पुढं एक भिंग, मागं एक भिंग. नंतर फोनवर तो व्हिडिओ लावला की बोटानं सरकवत आपण वाटेल तिकडं बघायचं. मला तेव्हाच बाबा आठवले. बघणारा स्वतः मान वळवेल, मग भांडण कशाला राहील?

अमरावतीच्या दुकानात गेले तर दुकानदारानं डब्यावरचे मोठमोठे आकडेच वाचून दाखवले. जेवढा आकडा मोठा तेवढं चित्र स्वच्छ, असं त्याचं म्हणणं. मी घरी येऊन दोन रात्री मोबाइलवर लोकांनी काढलेले नमुने पाहिले आणि माझ्या ध्यानात आलं, की तो आकडा चोहीकडच्या साऱ्या चित्राला मिळून असतो. चमचाभर तूप अख्ख्या भाकरीवर पसरलं तर एका घासाला किती येणार? महागड्या कॅमेऱ्यातही लांबचं झाड हिरवा गोळाच दिसत होतं. मग एवढे पैसे कशाला ओतायचे?

मी बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला त्या लग्नवाल्या फोटोग्राफरकडं गेले. त्याच्याकडं जुना एक पडून होता, नव्याच्या अर्ध्या किमतीत देतो म्हणाला. मी पिशवीतून बागेतून मागवलेल्या संत्र्याच्या फांद्या काढल्या. एक निरोगी, एक पिवळ्या पानांची, आणि रोगानं डिंक आलेल्या सालीचा एक तुकडा. तो बघतच राहिला. "लोक नवरी घेऊन येतात, ताई, तुमी झाड घेऊन आल्या!" त्यानं कॅमेरा सुरू केला आणि मी एकेक फांदी धरून हातभर अंतरावर उभी राहिले, मग अंगणाच्या टोकाला गेले. टोकावरचं काही कळेना. हातभर अंतरावरची मात्र पानांची शीर न् शीर दिसत होती, डिंकही चकाकत होता. सावलीतलं चित्र थोडं मातट यायचं, पण आमचं काम उन्हातलं. झाडाच्या जवळून चालायचं म्हणजे झालं. मी तोच घेतला आणि गाडीत स्वतःवर बेहद्द खूश होते.

रविवारी बागेत जाऊन भावाला कॅमेरा दिला. "याचं तोंड कोनतं?" त्यानं विचारलं. मी सांगितलं, याला पाठच नाही, सगळं तोंडच आहे. "हो हो," म्हणाला आणि बटणांची बाजू आपल्याकडं धरून निघाला. बटणं जिकडं ती मागची बाजू, असं त्यानं आपल्या मनानं ठरवून टाकलं. मी विहिरीपाशी बसून राहिले.

संध्याकाळी घरी व्हिडिओ लावून बाबांच्या हातात फोन दिला. अंगठा जोरात फिरला आणि आभाळ खाली, झाडं वर. "अवं, मी उलटा टांगलो का वं!" मग जमलं. खोडाच्या बुडाशी डिंक आहे का ते पाहिलं, ठिबकची नळी पाहिली, धुऱ्याकडं, म्हणजे बांधाकडं पाहिलं. सात महिन्यांनी ते आपल्या बागेत आपल्या मर्जीनं हिंडत होते. मला फार बरं वाटलं. मग त्यांनी चित्र मागं वळवलं.

मागं भाऊ होता. भिंगामुळं नाक वांग्याएवढं झालेलं. आपण दिसतोय हे त्याच्या गावीही नव्हतं. एका हातात काठी सरळ धरलेली आणि दुसरा हात चालता चालता फांद्यांत. वाळलेल्या काड्या, ज्यांना आम्ही सल म्हणतो, त्या मोडायच्या आणि काखेत धरायच्या. एका खोडाशी तो थांबला, नखानं डिंक खरवडला, वास घेतला, खाली वाकून बुडाची माती दूर सारली. अशा वेळी बाबा हेच करतात, अगदी असंच. भावाला हे कोणी शिकवलं नव्हतं आणि दाखवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंही नसतं. ओळ संपली तेव्हा त्याच्या काखेत भारा झाला होता. मला त्याचा इतका अभिमान वाटला, की डोळ्यांत पाणी आलं.

बाबांनी सगळ्या ओळी मागं बघतच पाहिल्या. झाडांकडं नंतर ढुंकूनही पाहिलं नाही. मग त्या बागायतदाराला फोन लावायला सांगितलं. "बाग द्याची नाई," एवढंच बोलले. आपलं चुकलं हे त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशीही ऐकलं नाही, पण त्यांनी लगेच भावाला फोन लावला.

"अबे, हातानं सल मोडतं काऊन? साल सोलते झाडाची. वावरातल्या खोलीत माह्यी छाटनीची कैची हाये, ते घे."

"बाबा, तिले तर तुमी कोनाले हात लावू देत नाई."

"मी होतो तवा नोतो देत. आता बाग तू पायतं. कैची तुह्यापाशीच ठेव."

पलीकडं खोलीची कडी काढल्याचा आवाज आला. मग भावानं विचारलं, "खोलीत कोन्या बाजूले खोसली हाये?"