पुतळ्याची ऑर्डर

स्पेनमध्ये आमचं हॉटेल दुपारी चारला बंद व्हायचं ते आठलाच उघडायचं. भटारखान्यातले बाकीचे खोलीवर जाऊन आडवे व्हायचे. मी स्पॅनिशच्या क्लासला जायचो. मालकानं सांगून ठेवलं होतं, महिनाअखेरपर्यंत फोनवर स्पॅनिशमध्ये ऑर्डर घेता आली तर करार वाढवीन, नाहीतर बोलता येणारा दुसरा आणीन. करार गेला की व्हिसा गेला, मग सरळ गावी, निलंग्याला.

लातूरला नांदेड रोडच्या धाब्यावर मी तंदूर सांभाळायचो. शाळा आठवीत सुटलेली. अशा माणसाला कुणीतरी एवढ्या लांब आणलं, याचं मला रोज नवल वाटायचं. आणि कधीही परत पाठवतील ही धास्तीही रोजचीच.

क्लास फुकट होता, चर्चच्या मागच्या खोलीत. शिकवणाऱ्या बाई म्हाताऱ्या, मायाळू. वहीत मी सगळं बरोबर लिहायचो, पण बोलायची वेळ आली की शब्दच फुटायचा नाही. शाळेत गुरुजींनी उभं केलं की व्हायचं, तसंच. शेवटी बाई म्हणाल्या, "रोज चौकात जा. कुणाशीही दहा मिनिटं बोल."

चौकात जो तो घाईत, नाहीतर आपल्या माणसांत. मोकळी अशी एकच बाई दिसली, आणि ती पुतळा झालेली होती. अंगाला, कपड्यांना राखाडी रंग फासून एका पेटीवर न हलता उभी. कुणी नाणं टाकलं की मान झुकवायची, की पुन्हा दगड. जरा पलीकडं तिचा नवरा एका वेळी चार-चार चेंडू उडवून झेलायचा. दोघं अर्जेंटिनाचे, जुन्या गाडीत राहून गावोगाव फिरणारे, हे पुढं कळलं. त्या दिवशी मला एवढंच सुचलं, की पुतळा हसणार नाही.

मी नाणं टाकलं, वही उघडली आणि तिच्यासमोर हळू आवाजात सुरू झालो. "नमस्कार. बोला, काय पाठवू? पत्ता सांगा. तिखट किती पाहिजे?"

तीन दिवस असंच चाललं. लोक तिला सोडून मला बघायला लागले. तिची पापणीही हलली नाही. चौथ्या दिवशी मी "तिखट किती पाहिजे?" म्हटलं आणि ओठ न हलवता पुतळा बोलला, "अजिबात नको. मागच्या वेळी तिखटानं मारायलाच निघाला होतात मला."

वही खाली पडली. मी माफी मागायला लागलो.

"माफी कसली मागतोस," ती म्हणाली. "ऑर्डर घे."

मग रोज त्यांच्या विसाव्याच्या वेळेला आम्ही बाकावर बसायचो. नवरा घाईतला वकील व्हायचा, ती बहिरी आजी. कधी दोघं मिळून एका घरातली पाच माणसं व्हायची आणि पाचही जण मागणी बदलायची. माझे पाय सकाळपासून ठणकत असायचे, मधेच डोळा लागायचा. "झोपलास? आजी उपाशी आहे इकडं." समोर खरं गिऱ्हाईक नसलं की मला बोलता यायचं.

एकदा नवऱ्यानं विचारलं, "तुमच्याकडं असतात का आमच्यासारखे?"

मी त्याला बहुरूप्याचं सांगितलं. पोलिसाचा वेष घालून तो गल्लीत शिरायचा, दारात काठी आपटून म्हणायचा, तुमच्यावर वारंट आहे, चला. माझी आई पदर तोंडाला लावून म्हणायची, आधी जोंधळे घ्या, मग धरून न्या.

"आणि आता?"

"आता फारसे येत नाहीत. आले तर लोक खऱ्या पोलिसाला कळवतात."

"इथंही तेच," तो म्हणाला.

त्याची बायको माझ्याकडं बघत होती. "एवढं बोललास, आणि तुझी वही पिशवीतच आहे," ती म्हणाली.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मालकानं वाजणारा फोन माझ्या हातात दिला आणि शेजारी उभा राहिला. पलीकडं एक बाई, भरभर बोलणारी, मागं कुत्रं भुंकत होतं. तिनं चार पदार्थ सांगितले, त्यातला एक बदलला. मी सगळं परत म्हणून दाखवलं. पत्ता दोनदा विचारला. मी लिहिलेला कागद मालकानं घेऊन वाचला.

"कल से फोन तू ही उठाना."

"और तंदूर?"

"तंदूर भी."

मी आत गेलो आणि त्या बाईचे नान तंदूरमध्ये मीच लावले.

दुसऱ्या दिवशी पराठे बांधून चौकात गेलो. ती पेटीवर उभी होती. डबा पेटीमागं ठेवला आणि म्हटलं, "राहिलो मी." पुतळ्यानं नाणं न टाकताच मान झुकवली.

सोमवारी सुट्टीला घरी फोन केला. बायकोला म्हटलं, "करार वाढला."

"बरं झालं," ती म्हणाली. "मंग औंदाबी दिवाळीला न्हाईच म्हणा."

"न्हाई."

"पोरगी रोज इचारायली. काय सांगू तिला?"

मी पैसे कधी पाठवणार ते सांगायला लागलो.

"तुमीच सांगा," ती म्हणाली. "लई बोलायला शिकलाव न्हवं आता." आणि तिनं फोन पोरीच्या हातात दिला.